मुलाच्या गेमची मेंबरशिप: ओटीपी सांगण्याआधी काय काय लावून घ्यायचं

“आई, एक ओटीपी आलाय बघ, तेवढा सांग ना.” गेमची मेंबरशिप घेताना आलेला हा ओटीपी बहुतेक वेळा पहिला आणि शेवटचा असतो. रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले. कार्डावरून दरमहा आपोआप पैसे कापून घेण्याची परवानगी, म्हणजेच मँडेट, एकदा ओटीपीने द्यायची असते. पुढचे हप्ते १५,००० रुपयांच्या आतले असतील, तर त्यांना ओटीपी लागत नाही. पैसे जाण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येते आणि ती लोनच्या, ऑफरच्या मेसेजांत बुडून जाते. यूपीआय ऑटोपेचंही तसंच. पिन सुरुवातीला एकदा टाकला की दर महिन्याला पैसे जात राहतात.

म्हणून सगळी तयारी त्या एका ओटीपीच्या आधी व्हायला हवी. क्रम असा ठेवा: आधी खातं, मग पैशांची वाट, मग मेंबरशिप, त्याच बैठकीत चॅट आणि शेवटी वेळेचं गणित. उलट्या क्रमाने गेलात तर प्रत्येक बंधन मुलाला शिक्षा वाटतं, कारण आधी मिळालेलं काहीतरी आपण काढून घेत असतो.

उदाहरणासाठी मी अँड्रॉइड फोनवरचं रोब्लॉक्स घेते. मासिक मेंबरशिप, रोबक्स नावाचं आभासी चलन, अनोळखी लोकांशी गप्पा आणि इतरांनी बनवलेले असंख्य गेम असं सगळं त्यात एकत्र आहे. ते नीट लावता आलं की बाकीचे गेम सोपे जातात.

जन्मतारीख खरी आहे का, हे आधी बघा

बहुतेक मुलांची खाती मुलांनी स्वतः किंवा मोठ्या दादाने उघडलेली असतात, आणि लवकर आत जायला मिळावं म्हणून जन्मवर्ष काहीतरी टाकलेलं असतं. दहा वर्षांचं मूल कागदोपत्री एकवीस वर्षांचं होतं. मग लहान मुलांसाठीची जी बंधनं गेम स्वतःहून लावतो, त्यातलं एकही लागू होत नाही. पुढे कितीही सेटिंग्ज केल्या तरी पाया चुकलेलाच राहतो.

रोब्लॉक्सच्या सेटिंग्जमध्ये खात्याच्या माहितीत जन्मतारीख दिसते. ती चुकीची असेल तर आधी दुरुस्त करून घ्या. तेवढ्यासाठी कंपनीच्या सपोर्टशी बोलावं लागलं तरी चालेल. खातं अगदी नवं असेल आणि त्यात फारसं काही जमवलेलं नसेल, तर सरळ दुसरं उघडा.

गूगल खात्याचंही तेच. मुलाच्या फोनवर मोठ्या माणसाच्या नावाचं गूगल खातं चालू असेल तर ते काढा आणि तुमच्या फोनवर फॅमिली लिंक हे गूगलचं पालकांसाठीचं ॲप घेऊन मुलाचं खातं त्यातून तयार करा. आयफोन असेल तर ॲपलच्या फॅमिली शेअरिंगमध्ये मुलाचं खातं जोडता येतं. दोन्हीकडे कुटुंबात जास्तीत जास्त सहा जण बसतात.

यानंतर रोब्लॉक्समध्ये तुमचं स्वतःचं पालक-खातं उघडा. नोव्हेंबर २०२४ पासून पालकांना आपल्या फोनवरून मुलाचं खातं सांभाळता येतं. तुम्ही सज्ञान आहात हे ओळखपत्राने किंवा क्रेडिट कार्डाने दाखवावं लागतं, मग मुलाच्या खात्यातल्या पालक-नियंत्रणाच्या पानावरून दोन्ही खाती जोडली जातात. हे मुलाला शेजारी बसवून करा. लपून केलेली देखरेख मुलांना फार लवकर कळते, आणि एकदा कळली की मूल दुसरं खातं उघडतं. त्या दुसऱ्या खात्याचा तुम्हाला पत्ताही लागत नाही.

फोन कोणाचा आहे?

पालक-नियंत्रणाच्या बहुतेक सूचना मुलाकडे स्वतःचा फोन आहे असं धरून दिलेल्या असतात. आपल्याकडे पुष्कळ घरांत मूल आईच्या फोनवर खेळतं, आणि त्याच फोनमध्ये बँक, यूपीआय, गूगल पे, फोनपे सगळं असतं. अशा फोनवर ओटीपी हे संरक्षणच उरत नाही, कारण तो मुलाच्या हातातच येतो. स्क्रीनवर वरून सरकणारी सूचना वाचायला कोणालाच विचारावं लागत नाही.

आपलाच फोन द्यायचा असेल तर इतकं तरी करा.

१. फोनमध्ये कोणाकोणाच्या बोटांचे ठसे साठवले आहेत ते बघा. फोन उघडता यावा म्हणून अनेकांनी मुलाचाही ठसा घातलेला असतो. प्ले स्टोअरवर खरेदीची पडताळणी ठशाने होत असेल, तर फोनमध्ये साठवलेला कुठलाही ठसा चालतो. म्हणजे मुलाच्या बोटानेही खरेदी पूर्ण होते. तो ठसा काढून टाका.

२. प्ले स्टोअर उघडून वरच्या कोपऱ्यातल्या फोटोवर टॅप करा आणि सेटिंग्जमध्ये खरेदीच्या पडताळणीचा पर्याय शोधा. तिथे प्रत्येक खरेदीला पडताळणी हवी, असं निवडा. ‘दर ३० मिनिटांनी’ हा पर्याय धोक्याचा आहे. तुम्ही एक गोष्ट विकत घेऊन फोन मुलाकडे दिलात, तर पुढची तीस मिनिटं दार उघडंच राहतं.

३. त्याच फोटोखाली पेमेंटचे पर्याय दिसतात. साठवलेलं कार्ड आणि यूपीआय तिथून काढा.

४. यूपीआय लाइटमध्ये शिल्लक ठेवू नका. छोट्या रकमा तिथून पिनशिवाय जातात, आणि गेममधल्या खरेद्या बहुधा छोट्याच असतात.

५. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करा.

अँड्रॉइडमध्ये ॲप पिनिंगचीही सोय आहे. ती सुरक्षिततेच्या सेटिंग्जमध्ये सापडते. ती वापरताना बाहेर पडायला पिन विचारण्याचा पर्याय चालू केला की पिन टाकल्याशिवाय त्या एका गेमच्या बाहेर पडता येत नाही. घरात एखादा जुना फोन पडून असेल तर मात्र तोच सिम न घालता, फक्त वायफायवर मुलासाठी लावून द्या. बँकेचा फोन आणि खेळाचा फोन वेगळा असणं ही या लेखातली सगळ्यात उपयोगी सूचना आहे, असं मला मनापासून वाटतं.

पैसे कुठून कुठे जातात

फॅमिली लिंकमध्ये मुलाच्या नावावर जाऊन गूगल प्लेच्या नियंत्रणांत खरेदी आणि डाउनलोडच्या मंजुरीचा पर्याय निवडा. तिथे ‘सर्व कंटेंट’ ठेवा. मग मूल नवं ॲप घ्यायला गेलं किंवा गेममध्ये काही विकत घ्यायला गेलं की विनंती तुमच्या फोनवर येते. कुटुंबाची सामाईक पेमेंट पद्धत जोडायचा आग्रह ॲप करेल. माझं मत, ती जोडूच नका. आयफोनवर याच कामासाठी ‘आस्क टू बाय’ आहे, आणि स्क्रीन टाइममधून गेममधली खरेदी पूर्ण बंदही करता येते. स्क्रीन टाइमचा पासकोड फोनच्या पासकोडपेक्षा वेगळा ठेवा, कारण फोनचा पासकोड मुलाला पाठ असतो.

इथे एक मोठी फट राहते. गूगलची मंजुरी फक्त गूगल प्लेच्या बिलिंगमधून होणाऱ्या खरेदीला लागू होते. रोब्लॉक्सच्या वेबसाइटवरून रोबक्स घेतले तर ती खरेदी गूगलला दिसतच नाही. मुलांना तो रस्ता ठाऊक असतो, कारण वेबवरून किंवा गिफ्ट कार्डाने तेवढ्याच पैशांत जास्त रोबक्स मिळतात. म्हणून रोब्लॉक्सच्या पालक-खात्यातली महिन्याच्या खर्चाची मर्यादाही लावायलाच हवी.

ही मर्यादा आणखी एका कारणासाठी मोलाची आहे. फॅमिली लिंकची बंधनं जिथे मुलाचं गूगल खातं आहे तिथेच चालतात. मे महिन्याच्या सुट्टीत मूल मामाकडे गेलं आणि मामाच्या फोनवर त्याने आपल्या रोब्लॉक्स खात्यात लॉगिन केलं, तर फॅमिली लिंकला काही पत्ता नसतो. रोब्लॉक्सच्या खात्यावर लावलेली मर्यादा मात्र खात्याबरोबर मामाच्या गावालाही जाते. कुठलाही गेम असो, त्याच्या सेटिंग्ज बघताना हाच प्रश्न विचारा: हे बंधन फोनवर आहे, दुकानावर (प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरवर) आहे, की गेमच्या खात्यावर? तिन्ही ठिकाणी काही ना काही लावलेलं असावं.

गिफ्ट कार्ड हा चांगला मार्ग आहे. कार्ड संपलं की खर्च संपला, मागे कुठलंही मँडेट उरत नाही. घेताना ते भारतातल्या खात्यासाठी आहे ना, हे बघा. गूगल प्लेची कार्डं देशानुसार वेगळी असतात, त्यामुळे परदेशातल्या काकांनी प्रेमाने पाठवलेला कोड इथल्या खात्यावर चालत नाही.

‘फ्री रोबक्स’, ‘फ्री डायमंड’, ‘निम्म्या किमतीत यूसी’ (डायमंड आणि यूसी ही इतर गेममधली आभासी चलनं) म्हणणाऱ्या साइट आणि टेलिग्राम चॅनेल खातं पळवण्यासाठी असतात, हे मुलाला स्पष्ट शब्दांत सांगा. पासवर्ड किंवा ओटीपी मागणारा टॉप-अप कधीच खरा नसतो.

मुलाच्या हातून चुकून खरेदी झाली तर लगेच त्याच्या अंगावर ओरडू नका. बटणं कशी मांडायची, यावर मोठ्या कंपन्या बरीच मेहनत घेतात. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फोर्टनाइट बनवणाऱ्या एपिक गेम्सवर केलेल्या कारवाईत कंपनीने एकूण ५२ कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं. त्यातले २४.५ कोटी डॉलर नकळत झालेल्या खरेद्यांचा परतावा म्हणून होते, कारण एका बटणाच्या दाबासरशी पैसे जात होते. आपल्याकडेही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये फसव्या मांडणीचे १३ प्रकार ठरवले. घ्यायला सोपी आणि सोडायला अवघड अशी मेंबरशिप त्यांतलाच एक प्रकार आहे.

आता मेंबरशिप

आधी मुलाला विचारा, यातून तुला नक्की काय मिळणार? उत्तर “सगळ्यांकडे आहे” असेल तर आठवडाभर थांबा. उत्तर नेमकं असेल, दर महिन्याला इतके रोबक्स, अमुक गेममध्ये तमुक सोय, तर त्यावर बोलता येतं. रोबक्स, डायमंड, यूसी यांचा रुपयांत हिशेब मुलाकडून कागदावर करून घ्या. आभासी चलनात खर्च जाणवत नाही, आणि त्यासाठीच ते असतं.

मेंबरशिप खरंच हवी का, हे ठरवायला थोडी माहिती लागते. माइनक्राफ्टच्या रिअल्म्समध्ये, म्हणजे मित्रांबरोबर खेळायच्या खासगी सर्व्हरमध्ये, सर्व्हरचा मालक पैसे भरतो, त्याने बोलावलेल्या मित्रांना वेगळं काही भरावं लागत नाही. वर्गातल्या एकाकडे रिअल्म असेल तर तुमच्या मुलाला दुसरं घ्यायची गरज नाही. प्लेस्टेशन प्लस ही प्लेस्टेशनची मेंबरशिप घरातल्या एका खात्यावर असेल आणि त्या खात्यासाठी कन्सोलवर ‘कन्सोल शेअरिंग’ चालू असेल, तर त्याच कन्सोलवरच्या इतर खात्यांनाही ऑनलाइन खेळता येतं. एक्सबॉक्सवर हेच ‘होम एक्सबॉक्स’ लावून होतं. भाऊ-बहिणींसाठी दोन-दोन मेंबरशिपचे पैसे भरणारी घरं असतात, ते टाळा. फोर्टनाइटसारख्या फुकट गेमना तर कन्सोलची मेंबरशिप ऑनलाइन खेळायलाही लागत नाही.

घ्यायचं ठरलं तर एका महिन्याचीच घ्या. मँडेटचं पान उघडल्यावर घाईने पुढे जाऊ नका. तिथे कमाल रक्कम आणि मुदत लिहिलेली असते, आणि कमाल रक्कम मेंबरशिपच्या किमतीपेक्षा जास्त असू शकते. पैसे भरून झाले की त्याच मिनिटाला मेंबरशिप रद्द करून टाका. रद्द केली तरी भरलेला महिना पूर्ण वापरता येतो, फक्त पुढचा हप्ता जात नाही. पुढच्या महिन्यात हवी असेल तर मुलाने येऊन पुन्हा मागायची. ही पद्धत मला फार आवडते. दर महिन्याला पाच मिनिटं का होईना, पण काय खेळतोस, कोणाबरोबर खेळतोस, यावर बोलणं होतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून पैसे जिंकायचे खेळ त्याने बंद केले, मग तो खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. मेंबरशिपची फी घेणारे साधे गेम त्यात बसत नाहीत. मूल दाखवत असलेल्या गेममध्ये पैसे जिंकून बँकेत काढता येतात, असं लिहिलेलं दिसलं तर विषय तिथेच संपवा.

गप्पा

पैसे गेले तर परत मिळवता येतात. चॅटमधल्या अनोळखी माणसाने मुलाला गाठलं तर होणारं नुकसान वेगळंच असतं. त्यामुळे मेंबरशिप देताना चॅटच्या सेटिंग्ज त्याच बैठकीत लावा.

रोब्लॉक्समध्ये १३ वर्षांखालच्या मुलाला पालकांच्या परवानगीशिवाय गेमबाहेर खासगी मेसेज करता येत नाहीत. खरी जन्मतारीख का हवी, ते इथे कळतं. चॅटसाठी चेहऱ्यावरून किंवा ओळखपत्रावरून वय तपासण्याची पद्धतही तिथे आली आहे. मूल कंटाळून म्हणेल, “बाबा, तुम्हीच कॅमेऱ्यासमोर बसा ना.” बसू नका. तुमचा चेहरा दाखवलात तर तुमचं मूल मोठ्या माणसांच्या गप्पांत जाऊन बसेल.

गेमच्या आशयाचे टप्पेही पालक-खात्यातून ठरवता येतात. नऊ वर्षांखालच्या मुलांना सौम्य आशयाचेच गेम आपोआप दिसतात, त्यापुढचे दाखवायचे की नाही हे तुमच्या हातात आहे. मित्रयादीही तिथे दिसते. महिन्यातून एकदा मुलाबरोबर ती वाचा आणि एकेका नावावर विचारा, “हा कोण?” शाळेतला, सोसायटीतला, मावसभाऊ, ठीक. “गेममध्ये भेटला” असं उत्तर आलं तर पुढचे दोन प्रश्न विचारा: तो फोटो मागतो का? दुसऱ्या ॲपवर बोलायला बोलावतो का? गेममधून व्हॉट्सॲप, डिस्कॉर्ड किंवा इन्स्टाग्रामवर बोलावणं ही सगळ्यात स्पष्ट धोक्याची खूण आहे, कारण गेमच्या मर्यादा तिथे लागू होत नाहीत. असा मित्र रोबक्स फुकट देत असेल तर अधिकच सावध व्हा.

काही वावगं घडलंच तर चॅट पुसू नका. स्क्रीनशॉट घ्या, गेममध्ये तक्रार करा, त्या खात्याला ब्लॉक करा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवता येते, आणि मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन आहे. मुलाला आधीपासून एक शब्द देऊन ठेवा: असं काही सांगितलंस तर तुझा गेम बंद होणार नाही. गेम जाईल या भीतीनेच मुलं गप्प बसतात.

माइनक्राफ्टबद्दल थोडक्यात. तिथली परवानगी मायक्रोसॉफ्टच्या कुटुंब-खात्यातून आणि एक्सबॉक्सच्या प्रायव्हसी सेटिंग्जमधून द्यायची असते. गेमच्या आत शोधत बसलात तर सापडत नाही. मल्टिप्लेअर बंद आहे, असा संदेश आला की तिकडे जा. प्लेस्टेशनवर कुटुंबाचा प्रमुख म्हणून मुलाची खर्चमर्यादा, वेळ आणि चॅट एकाच ठिकाणी लावता येतात.

वेळ

फॅमिली लिंकमध्ये रोजची मर्यादा, एकेका ॲपची मर्यादा आणि रात्रीची बंद वेळ लावता येते. रोब्लॉक्सच्या खात्यावरही वेगळी वेळ लावा, तीही मामाच्या फोनवर चालते. बीजीएमआय या पबजीच्या भारतीय आवृत्तीत १८ वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा कंपनीनेच घातली आहे. शाळकरी मुलासाठी तेवढे तासही जास्तच होतात.

मिनिटांपेक्षा सामन्यांत मोजा. चौघांच्या टीममध्ये खेळणारं मूल मध्येच उठलं की उरलेले तिघं हरतात आणि दुसऱ्या दिवशी शाळेत त्याला ऐकून घ्यावं लागतं. “साडेसातला बंद” म्हणण्यापेक्षा “आज दोन मॅच” म्हटलं की भांडण बरंच कमी होतं. ॲपमधली मर्यादा त्याहून थोडी सैल ठेवा, म्हणजे चालू मॅच तुटणार नाही.

खेळ थांबवताच येत नाही, झोप, अभ्यास, जेवण सगळं मागे पडतंय आणि हे महिनोन्महिने चाललंय, असं असेल तर तिथे सेटिंग्ज पुरत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगचा विकार आजारांच्या यादीत घेतला आहे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

रद्द करणं आणि पैसे परत मागणं

गेम फोनमधून काढून टाकला की मेंबरशिप बंद होते, हा समज चुकीचा आहे. हप्ते चालूच राहतात. मेंबरशिप जिथून घेतली तिथूनच ती रद्द होते. गूगल प्लेवरून घेतली असेल तर प्ले स्टोअरमधल्या सबस्क्रिप्शनच्या पानावरून, आयफोनवर सेटिंग्जमध्ये आपल्या नावाखालच्या सबस्क्रिप्शन्समधून, वेबवरून घेतली असेल तर रोब्लॉक्सच्या साइटवरून. ज्या खात्याने घेतली त्याच खात्याने लॉगिन करावं लागतं. यादी रिकामी दिसत असेल तर बहुधा तुम्ही दुसऱ्या खात्यात आहात. त्यानंतर यूपीआय ॲपच्या ऑटोपे विभागात आणि बँकेच्या ॲपमध्ये जाऊन मँडेटही बंद झालं का ते बघा.

चुकून झालेल्या खरेदीसाठी गूगल प्लेवर ४८ तासांच्या आत परतावा मागणं सोपं असतं. तुम्ही किंवा तुमच्या ओळखीच्या कोणीही न केलेली खरेदी दिसली, तर १२० दिवसांच्या आत तक्रार करता येते. ॲपलवर ‘रिपोर्ट अ प्रॉब्लेम’ या पानावरून विनंती जाते. खरेदीचा ईमेल, तारीख, रक्कम आणि ऑर्डर क्रमांक हाताशी ठेवा, आणि खरेदी मुलाने केली हे खरं तसं लिहा. आधी दुकानाकडेच मागा. थेट बँकेतून पैसे उलटवायला गेलात तर अनेक गेमिंग कंपन्या खातं गोठवतात, आणि मुलाने वर्षभर जमवलेलं सगळं त्यात अडकतं. कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. पैसे भामट्याने उकळले असतील तर वाट न बघता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम बँकेत अडवता येण्याची शक्यता जास्त.